घरी करायची शुक्राणू चाचणी : काय कळतं आणि काय कळत नाही

गेल्या वर्ष-दीड वर्षात मला एक प्रश्न निदान आठ-दहा वेळा विचारला गेला आहे. विचारणारा समोरासमोर सहसा विचारत नाही. कुणी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर लिहितं, कुणाची आई मंडळाच्या कार्यक्रमात जेवणं झाल्यावर बाजूला घेते. प्रश्न मात्र तोच असतो : "ती पुरुषांची टेस्ट घरी करायची पट्टी ऑनलाइन मिळते ना, ती खरी असते का हो?"

मी बडोद्यात एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम केलं. रक्त, लघवी, थुंकी यांच्याबरोबर वीर्याचे नमुनेही हजारोंनी तपासले. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला विचारायला हरकत नाही. हरकत नाहीच. उलट असं वाटतं, की प्रत्येकाला वेगळं कुजबुजत सांगण्यापेक्षा एकदा आपल्या अंकातच सगळं मोकळेपणाने लिहावं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं सांगणार नाही. सूक्ष्मदर्शकाच्या या बाजूने जे पाहिलं आणि शिकले, ते सांगते.

आधी सुनेची फाइल

आपल्याकडे लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की काय घडतं ते वेगळं सांगायला नको. हळदीकुंकवाला "काय, गोड बातमी कधी?" हे सुरू होतं. कुणाच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली, की एखादीला हळूच मागे ठेवलं जातं. आणि मग तपासण्या. त्या सुनेच्या.

माझ्या माहितीतली एक मुलगी आहे, शाळेत शिकवते. दिवस राहिनात म्हणून तिची अडीच वर्षं तपासणी चालली. थायरॉइड, साखर, हार्मोन्स झाले. महिनोन्महिने दिवस मोजून सोनोग्राफी झाली. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, तो झाला, आणि तो दुखतो. मग भूल देऊन दुर्बिणीची तपासणी झाली. प्रत्येक वेळी निकाल एकच : "सगळं ठीक आहे." मधल्या काळात दोन उपास आणि एक नवस झाला. अडीच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठे आहे?" यांचा रिपोर्ट नव्हताच. तो काढला, तर वीर्यात एकही शुक्राणू नव्हता.

ती मला म्हणाली, "मावशी, रिपोर्ट वाईट आला याचं दुःख आहेच. पण जी तपासणी काही शे रुपयांत आणि एका दिवसात होते, ती सगळ्यात शेवटी का झाली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते जोडपं अजून उपचार घेत आहे. मधे गेलेली अडीच वर्षं परत येत नाहीत. स्त्रीच्या वयाला या बाबतीत फार महत्त्व आहे. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि गुणवत्ता झपाट्याने उतरते. पुरुषाची तपासणी उशिरा झाली, तर त्याची किंमत बायकोचं वय मोजतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहांपैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. तरी आपल्या भाषेत 'वांझ' हा शब्द बाईसाठीच वापरतात. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. जो आहे, 'नपुंसक', त्याचा अर्थ वेगळा, आणि घोटाळा तिथेच होतो. शारीरिक संबंध ठेवता येणं ही एक गोष्ट आणि वीर्यात पुरेसे, हलणारे शुक्राणू असणं ही दुसरी. धडधाकट, संसारात सुखी असलेल्या माणसाच्या वीर्यातही शुक्राणू शून्य असू शकतात. त्याला स्वतःला ते कळायचा काहीच मार्ग नसतो. वीर्य दिसायला तसंच असतं, कारण त्यातला बहुतेक भाग इतर ग्रंथींचा द्रव असतो. हे पुरुषांना समजलं, तर तपासणीची निम्मी भीती जाईल असं मला वाटतं.

लाज जुनीच आहे

शुक्राणू पहिल्यांदा पाहिले गेले ते १६७७ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी. पाहणारा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता आणि भिंगं स्वतः घासायचा. लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवताना त्याने आवर्जून लिहिलं, की नमुना कोणत्याही पापाचरणातून आणलेला नाही, वैवाहिक संबंधानंतरचाच आहे, आणि हे पत्र किळसवाणं वाटलं तर छापू नका. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही माणूस हा विषय माफी मागतच काढत होता.

मराठीपुरतं बोलायचं तर र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, खटले सोसून, कामजीवनाविषयी स्वच्छ मराठीत लिहिलं. तेव्हा भाषेत शब्द नाहीत ही सबब चालणार नाही.

महाभारतात तर पांडूकडून संतती होणार नाही हे कथेत उघड सांगितलं आहे आणि त्यावरचा मार्गही नवरा-बायकोने बोलून काढला आहे. आपण ती कथा मुलांना सांगतो, आणि घरातल्या मुलाला साधी डबी घेऊन लॅबमध्ये पाठवायला संकोचतो.

पट्टी काम कशी करते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरी करायच्या चाचण्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिली पट्टीची. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे, ही तिचीच बहीण. शुक्राणूच्या डोक्यात एक विशिष्ट प्रथिन असतं. पट्टीवर त्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं लावलेली असतात. वीर्य पातळ झाल्यावर किटमधल्या द्रावणात मिसळून थेंब टाकायचे. प्रथिन पुरेसं असेल तर रंगीत रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालली की नाही एवढंच सांगते. 'पुरेसं' म्हणजे किती हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही पट्ट्यांत ते मिलीलिटरला २ कोटी आहे, काहींत दीड कोटी.

दुसरी पोहण्याची. यात शुक्राणूंना एक बारीक चाळणी पोहून पार करावी लागते. जे पार करतात त्यांच्यामुळे खिडकीत रंग येतो. रंग गडद तितके पोहणारे जास्त. ही हालचाल पाहते, म्हणून पट्टीपेक्षा एक पाऊल पुढे.

तिसरी मोबाइलची. फोनच्या कॅमेऱ्यावर छोटं भिंग बसवायचं, नमुन्याची काच त्यात सरकवायची, आणि ॲप हलणारे ठिपके मोजतं. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा उपकरणावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. सामानाचा खर्च पाच डॉलरहून कमी होता. तेव्हापासून अशी काही उपकरणं बाजारात आली आहेत.

या चाचण्या खोट्या नाहीत, हे आधी सांगते. नामांकित बनावटीची पट्टी तिच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा बरोबर देते. अडचण ही, की तिचा प्रश्न फार लहान असतो, आणि आपण मात्र तिच्याकडून मोठ्या प्रश्नाचं उत्तर घेतो.

पट्टीला काय दिसत नाही

लॅबमध्ये आम्ही काय करायचो ते सांगते, म्हणजे फरक कळेल.

नमुना आला की आधी वेळ लिहायची. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट असतं, साधारण अर्ध्या तासात पातळ होतं. तासाभरात झालं नाही, तर तीही नोंद. मग ते मोजायचं, किती मिलीलिटर आहे. रंग आणि आम्लता पाहायची. मग एक थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरायचा. किती पुढे पोहतायत, किती जागच्या जागी वळवळतायत, किती निपचित आहेत, असे दोनशे शुक्राणू मोजायचे आणि पुन्हा दुसऱ्या थेंबात दोनशे. संख्या मोजायला बारीक चौकटी कोरलेली खास काच असते, तिच्यावर मोजायचं. मग एक काच रंगवून आकार पाहायचा : डोकं कसं, मान कशी, शेपूट एकच आहे ना. पू-पेशी दिसल्या तर संसर्गाची शंका लिहायची.

पट्टी यातली एकच गोष्ट सांगते, एका मिलीलिटरमागे संख्या अमुकपेक्षा जास्त की कमी. हालचाल तिला दिसत नाही. मेलेल्या शुक्राणूंतही ते प्रथिन असतंच, म्हणून रेघ उमटते. आकार तिला दिसत नाही, पू-पेशी दिसत नाहीत, आणि एकूण वीर्य किती हेही नाही.

शेवटचा मुद्दा किती मोठा आहे ते साध्या गणितातून पाहा. एकाचं वीर्य मिलीलिटरला २ कोटी, पण एकूण फक्त ०.८ मिलीलिटर. एकूण शुक्राणू झाले १ कोटी ६० लाख. दुसऱ्याचं मिलीलिटरला १ कोटी २० लाख, पण एकूण ४ मिलीलिटर. त्याचे झाले ४ कोटी ८० लाख. पट्टी पहिल्याला रेघ दाखवेल आणि दुसऱ्याला दाखवणार नाही. प्रत्यक्षात एकूण संख्येत दुसऱ्याची बाजू तिप्पट भक्कम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा आहेत : वीर्य १.४ मिलीलिटर, शुक्राणू मिलीलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे पोहणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. रिपोर्टवर 'मिलियन' लिहिलेलं असतं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे १६ मिलियन हे १ कोटी ६० लाख.

हे चार टक्के वाचून कित्येक तरुण हबकतात. "शंभरातले शहाण्णव बिघडलेले?" असं मला एकाने विचारलं होतं. निसर्गाचा कारखाना तसाच आहे, चांगल्या बापांचाही. शिवाय हे आकडे पास-नापासची रेघ नव्हेत. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासले, आणि त्यांतले सर्वांत खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे ही रेघ ओढली. म्हणजे रेघेच्या खाली असलेलेही बाप झालेच होते. आणि रेघेच्या वर असणं म्हणजे मूल होणारच अशी हमी नव्हे.

दोन मुलं, दोन पट्ट्या

ओळखीच्या एका मुलाने घरी पट्टी लावली. रेघ आली. त्याने बायकोला फोटो दाखवला, आईला सांगितलं, आणि घरात ठरून गेलं, की आता प्रश्न हिचाच. नऊ महिने तसेच गेले. पुढे डॉक्टरांनी आग्रहाने पूर्ण तपासणी करायला लावली. संख्या खरंच चांगली होती. पण शंभरातले जेमतेम आठ हलत होते. त्या नऊ महिन्यांत त्याच्या बायकोने घरात काय ऐकलं असेल, त्याची नोंद कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते.

दुसऱ्या मुलाची रेघ आली नाही. तो रात्रभर झोपला नाही, कुणाशी बोलला नाही, दोन दिवस नोकरीवर गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने मला मेसेज केला. मी एवढंच विचारलं, "मधे ताप आला होता का?" पाच आठवड्यांपूर्वी डेंग्यू झाला होता, चार दिवस १०३ ताप. शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, वर बाहेर पडण्याच्या नळीतून प्रवासाचे काही. म्हणजे आजचा नमुना हा गेल्या तीन महिन्यांचा हिशेब असतो. जोराच्या तापाने तो हिशेब बिघडतो आणि पुढे बहुधा सावरतो. तीन महिन्यांनी लॅबमध्ये तपासणी केली, आकडे ठीक आले.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. पट्टीची रेघ आली तर निश्चिंत होऊ नका, आली नाही तर खचू नका. दोन्ही वेळा पुढची पायरी एकच : लॅबमधली पूर्ण तपासणी. त्यातही एकाच रिपोर्टवर निर्णय घेत नाहीत. पहिला ठीक नसेल, तर काही आठवड्यांनी दुसरा नमुना देतात. एकाच माणसाचे आकडे महिन्या-महिन्यात खूप वरखाली होतात.

मग पट्टीचा उपयोगच नाही का? आहे. जो मुलगा लॅबच्या दारात यायलाच तयार नाही, त्याच्यासाठी ती पहिली पायरी आहे. स्वतःची तपासणी आपणही करायची असते हे त्याने मान्य केलं, हीच मोठी गोष्ट. फक्त त्या पायरीवर बसून राहू नये.

मधला मार्ग : नमुना घरी, तपासणी लॅबमध्ये

पुरुष लॅबला का टाळतात हे मी जवळून पाहिलं आहे. खूपशा ठिकाणी वेगळी खोली नसते. बाहेर रांग, आतून लोक दार वाजवतात, आणि काउंटरवर माझ्यासारखी बाई डबी घ्यायला बसलेली. काही जण डबी वर्तमानपत्रात अशी गुंडाळून आणायचे की उघडायलाच पाच मिनिटं जावीत. त्यांची मान वर नसायची. मी मुद्दाम "वेळ किती झाली होती?" एवढंच कोरडेपणाने विचारायचे, साखरेचा नमुना घेतल्यासारखं.

अशांसाठी मधला मार्ग आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. नमुना घरी, आपल्या खोलीत घ्यायचा आणि तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, लॅबमध्ये पोहोचवायचा. बहुतेक लॅब हे मान्य करतात. आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि डबी त्यांच्याकडूनच आणा. बाकीचे नियम असे :

– आधी दोन ते सात दिवसांचा खंड हवा. एक दिवस कमी आणि दहा दिवस जास्त. किती दिवस झाले हे डबीवर किंवा फॉर्मवर लिहा.
– हात आणि अंग साबणाने धुऊन नीट कोरडं करा. तेल, क्रीम, थुंकी काही वापरू नका, त्यांनी शुक्राणू मरतात.
– नेहमीचा निरोध वापरून नमुना घेऊ नका. बऱ्याच निरोधांवर असं द्रव्य असतं की हालचालच थांबते.
– सगळा नमुना डबीत गेला पाहिजे. पहिला भाग सांडला तर तसं सांगा आणि पुन्हा दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नवा नमुना द्या, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात. संकोचाने न सांगितलेल्या या एका गोष्टीमुळे कितीतरी चांगले नमुने 'कमी' ठरतात.
– डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. फ्रिजमध्ये नको, गाडीच्या एसीसमोर नको. आणि आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको.
– गेल्या तीन महिन्यांतला ताप, ऑपरेशन, चालू औषधं डॉक्टरांना सांगा.

हेच नियम पट्टीलाही लागू आहेत. ती वापरणार असाल तर मुदत संपलेली नाही ना हे पाहा, वीर्य पातळ व्हायला अर्धा तास द्या, आणि निकाल पत्रकात लिहिलेल्या मिनिटालाच वाचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरत नाहीत.

रिपोर्ट वाईट आला तर

तर आधी हे लक्षात घ्या, की हा पुरुषपणाचा निकाल नव्हे. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी आलं तर आपण लाजतो का?

पुष्कळ कारणं बरी करता येतात. अंडकोशातल्या शिरा फुगणं, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, हे साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांत असतं आणि मूल न होणाऱ्यांत त्याहून बरंच जास्त. काहींना त्यावर छोटं ऑपरेशन उपयोगी पडतं. काहींना हार्मोन्सचा दोष असतो, काहींना संसर्ग. तरुणपणी गालफुगी अंडकोशावर उतरली असेल तर ती माहिती डॉक्टरांना हवीच. मधुमेह खूप जुना असेल तर कधी वीर्य उलटं मूत्राशयात जातं. तंबाखू, गुटखा, दारू यांचा हात असतो. भट्टीसमोर तासन्‌तास उभं राहण्याच्या कामाचाही असू शकतो.

एक गोष्ट तरुणांसाठी ठळक सांगते. जिममध्ये शरीर कमावायला घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणू वाढवत नाहीत, ती त्यांचा कारखानाच बंद पाडतात. शरीराला वाटतं, बाहेरून माल येतोय, आता आपण कशाला बनवायचा. बंद केल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण महिने लागतात, कधी त्याहून जास्त. दंड फुगलेले आणि रिपोर्टवर शून्य, असे मुलगे मी पाहिले आहेत.

शून्य आलं म्हणजेही सगळं संपलं असं नाही. कधी शुक्राणू तयार होत असतात, वाट बंद असते. तेव्हा ते अंडकोशातून थेट काढता येतात. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने बीजात सोडून झालेल्या गर्भधारणांची माहिती प्रसिद्ध केली, त्यानंतर अशा पुरुषांनाही बाप होता येऊ लागलं. आपल्याकडे डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तो रस्ता आता किती पुढे गेला आहे ते आपण पाहतोच. कधीकधी शून्यामागे गुणसूत्रांचं जन्मजात कारण निघतं, ते त्या माणसाच्या एकूण तब्येतीसाठीही कळायला हवं असतं. आणि अंडकोशात एखादी गाठ असेल तर ती डॉक्टरांच्या हाताला लागते, पट्टीला नाही. म्हणून रिपोर्ट घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे किंवा पुरुष-वंध्यत्व पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर 'हमखास संतान' रंगवलेलं असतं, तिकडे नको.

जायचं कधी? प्रयत्न करून वर्ष झालं असेल तर. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. आणि दोघांनी एकाच वेळी. तिची पहिली रक्ततपासणी आणि याचा पहिला नमुना एकाच आठवड्यात.

आमच्या वयाच्या बायकांसाठी

शेवटी माझ्या वयाच्या मैत्रिणींना थोडं सांगायचं आहे, कारण घरात क्रम आपण ठरवतो. सुनेला तपासायला पाठवताना "दोघं जा" एवढे दोन शब्द म्हणायला आपल्याला काय पडतं? मुलाचा रिपोर्ट वाईट आला तर तो लपवून सुनेलाच पुढे करणं, हे मी सुशिक्षित घरांतही पाहिलं आहे. मुलाची लाज राखायला सुनेला बोल लावून घ्यायचा, हा व्यवहार कुठल्याच देवाला मान्य नसावा. आणि मुलाला तरी त्याने काय मिळतं? तो आयुष्यभर बायकोच्या डोळ्यांत पाहायला चुकतो.

मूल होण्याचे सगळे मार्ग संपले तरी घर संपत नाही. हे बडोदेकरांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आपल्या या शहराला ज्यांनी शाळा, ग्रंथालयं आणि कमाटीबाग दिली, ते सयाजीराव महाराज नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव. महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेतलं. आपण अजून त्यांच्याच नावाने पत्ते सांगतो.

पण दत्तकाचा विचारही मोकळ्या मनाने व्हायचा असेल, तर आधी खरं कारण दोघांना ठाऊक हवं. ते कळायला एक डबी, एक तास आणि थोडा धीर एवढंच लागतं. ज्याला आधी पट्टी लावून पाहायची असेल त्याने खुशाल लावावी. दुसऱ्या दिवशी मात्र लॅबला फोन करावा.